अमेरिकेत इंग्रज सैनिक लोकांच्या घरात घुसून राहायचे?

‘१७६५ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अमेरिकन वसाहतींतल्या राहत्या घरांत सैनिक घुसवले, म्हणून पुढे अमेरिकेच्या संविधानात घरांत सैनिक ठेवण्यावर बंधन घालणारी तिसरी दुरुस्ती आली,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. शाळेच्या पुस्तकांतही ते आलंय, त्यामुळे खरं वाटणं साहजिक आहे.

कायद्याचा मूळ मजकूर मात्र वेगळा आहे. सैनिक आधी बराकींत. तिथे जागा नसेल तर खानावळी, दारूचे गुत्ते. तेही पुरले नाहीत तर रिकामी घरं आणि धान्याची कोठारं. कुटुंब राहतंय अशा घराचा या यादीत उल्लेखच नाही. चीड होती ती खर्चाची: जळण, मेणबत्त्या, मीठ, व्हिनेगर, अंथरूण, वर रोजची बिअर किंवा रम, सगळं वसाहतींच्या माथी!

मग दुरुस्तीत घराचा उल्लेख का? घरात सैनिक घुसवले जाण्याची भीती जुनी होती. इंग्लंडमध्ये १६२८ मध्येच हीच तक्रार राजापुढे मांडली गेली होती.

तपासायचं असेल तर १७९१ ची ती दुरुस्ती वाचा, एकच वाक्य आहे. शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय नाही, युद्धात फक्त कायद्याने ठरवलेल्या रीतीने. म्हणजे ‘घरात सैनिक कधीच ठेवता येत नाहीत’ हेही अर्धंच खरं.