आत्म्याचे आवाहन आणि फॅरेडेचे पुठ्ठे

शनिवारवाड्याच्या तटाबाहेर रात्री उभे राहून, ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या आत्म्याशी ‘संपर्क’ साधू पाहणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. त्यांतील निवेदक आवाहन, प्लँचेट (पालथ्या वाटीवर बोटे ठेवून ती ज्या अक्षरांकडे सरकेल त्यांवरून आत्म्याचे ‘उत्तर’ वाचणे) आणि चॅनेलिंग (आत्म्याने माणसाच्या तोंडून बोलणे) हे शब्द एकाच अर्थाने वापरतात, आणि जगभरचे गूढविद्येचे पंथ एकच गोष्ट सांगतात असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात या पंथांचे आपसात मुळीच जमत नाही.

आपल्या षोडशोपचार पूजेतील आवाहनाचा मृतात्म्याशी संबंधच नाही. देवतेने येऊन पूजा स्वीकारावी, एवढीच ती विनंती असते. मृतात्म्यांशी संवाद मानणाऱ्या फ्रान्समधील पंथाचा प्रवर्तक ॲलन कार्देक याच्या अनुयायांत ‘इव्होकेशन’ म्हणजे मृताला ईश्वराच्या नावाने केलेली आदरपूर्वक विनवणी. परंतु १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या गुप्त मंडळाच्या परंपरेत त्याच शब्दाने, साधकाने संरक्षक वर्तुळात उभे राहून एखाद्या शक्तीला वर्तुळाबाहेर प्रकट होण्याची केलेली आज्ञा समजली जाते. थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या एक संस्थापिका मॅडम ब्लाव्हाट्स्की तर म्हणत की मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकांत बहुधा मृताचा आत्मा येतच नाही, येते ते त्याने मागे टाकलेले कवच.

येणारा कोण याविषयी एवढे मतभेद असले, तरी मंडळींनी हात ठेवलेले टेबल किंवा वाटी हलते ती बाहेरच्या शक्तीने, हे बैठका भरवणारे गृहीत धरतात. आणि हा दावा तपासता येतो. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्ये तो फार सुंदर रीतीने तपासला. टेबलावर पुठ्ठ्यांचे थर मऊ, चिकट लुकणाने हलकेच जोडून त्यांनी बैठकीतल्या मंडळींना वरच्या थरावर हात ठेवायला सांगितले. टेबल आपणहून सरकून हातांना ओढत असेल, तर खालचे थर आधी सरकायला हवेत. हात टेबलाला ढकलत असतील, तर वरचे. सरकले ते वरचेच. मग त्यांनी हाताचा आडवा दाब लगेच दाखवणारी एक तरफ बसवली. तरफेचे टोक झाकलेले असताना टेबल सरके. ते टोक डोळ्यांसमोर आले, की तीच प्रामाणिक माणसे नकळत पडणारा जोर आवरत आणि टेबल जागच्या जागी राही.

इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कारपेंटर यांनी १८५२ मध्येच अशा हालचालींना ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले होते. हालचालीची नुसती अपेक्षाही स्नायूंना सूक्ष्म चालना देते. आपण हेतुपुरस्सर हात हलवतो, तेव्हा मेंदू त्या हालचालीचा अंदाज आधीच बांधतो आणि प्रत्यक्ष संवेदना त्याच्याशी जुळली, की ‘हे मी केले’ अशी जाणीव होते. पालथ्या वाटीवर चौघांची बोटे असली, की प्रत्येकाला इतर तिघांचाही जोर जाणवतो, अंदाज आणि संवेदना यांचा मेळ बिघडतो आणि कर्तेपण कोणाच्याच वाट्याला येत नाही. सर्वांचे डोळे बांधून अक्षरांचा कागद गुपचूप फिरवला, म्हणजे आत्म्याचे शुद्धलेखन कसे बिघडते ते पाहावे.

आता या चित्रफितींत ईएमएफ मीटरही आला आहे. तो विजेच्या तारा आणि उपकरणांजवळचे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतो, आणि तारा तर भर वस्तीत सगळीकडेच असतात.

अंगात येण्याला मात्र फॅरेडेची युक्ती लावता येत नाही, कारण तेथे हलणारी वस्तू आणि हलवणारे शरीर वेगळे नसतात, आणि पुठ्ठे ठेवायला मधली जागाच उरत नाही. तो अभ्यास मानसशास्त्राचा आणि मानवशास्त्राचा आहे.