नितळ पाण्यातील शेवाळ आणि आपले ठिबक : नदीवरून पाणी उपसणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तापी, गिरणा किंवा पांझरेला पूर आला की फिल्टर गाळाने भरल्याचे निरोप आमच्याकडे येऊ लागतात, आणि पाणी निवळले की ते थांबतात. आमचा अनुभव मात्र असा आहे की ड्रिपर खऱ्या अर्थाने चोंदतात ते पाणी नितळ झाल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरात कांदेबागेची (केळीच्या त्या हंगामातील बागेची) लागवड सुरू असताना आणि पुढे मार्चपासून. गाळ डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण सावध असतो. शेवाळ मात्र नळीत शिरेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवाळाला ऊन, ऊब, संथ पाणी आणि नत्र-स्फुरद लागते. तापीवरील हतनूर धरणाचे ४१ दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले जातात तेव्हा खालच्या पात्रात यांपैकी ऊन आणि संथपणा दोन्ही नाहीसे होतात : गढूळ पाण्यात उजेड खोलवर पोहोचत नाही, आणि वाहत्या वाळू-गोट्यांच्या माऱ्याने खडकांवरचे शेवाळ खरवडून निघते. परंतु तोच पाऊस शेतांतील युरिया, मातीच्या कणांना चिकटलेले स्फुरद आणि उकिरड्यांवरील शेण नदीत आणून सोडतो. दीर्घ उघडिपीनंतर एकच जोरदार सर आली आणि पुन्हा ऊन पडले, तर खत मिळते पण ते वाहून नेणारा पूर येत नाही. शेवाळाला याहून सोयीची स्थिती नाही.

दुष्काळात कारण वेगळे असते. २०१८ सारख्या वर्षी नदीचा प्रवाह तुटून पात्रात डोह तेवढे उरतात, गावांचे सांडपाणी पातळ करायला पाणी नसते, आणि भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो. पाणी २५ अंशांच्या वर तापले की नील-हरित शेवाळाला विशेष जोर चढतो. ते ओळखण्यासाठी काचेच्या बाटलीत नदीचे पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी गाळ तळाशी बसलेला दिसेल. नील-हरित शेवाळ असेल तर बहुधा तोंडाशी हिरवे कडे तरंगताना दिसेल. असे कडे दिसल्यास किंवा काठाला रंगासारखी हिरवी साय आली असल्यास गुरांना ते पाणी कृपया पाजू नये, कारण यातील काही जाती विष तयार करतात आणि ते उकळूनही खात्रीने जात नाही.

ठिबकाच्या काळ्या नळीत उजेड नसल्याने शेवाळ वाढत नाही. तेथे मेलेल्या शेवाळावर जिवाणू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर ड्रिपरच्या मार्गात बसतो. म्हणूनच शेवाळ फिल्टरवरच अडवणे महत्त्वाचे आहे. तंतूंचे शेवाळ जाळीवर ओल्या लोकरीसारखे गुंडाळले जाते व पाण्याच्या दाबाने त्यातून पुढे ढकलले जाते; त्यामुळे नदीच्या पाण्यासाठी नुसत्या जाळीच्या फिल्टरवर विसंबू नये, आधी सँड फिल्टर असावाच. फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबात ०.५ किलोचा (प्रति चौरस सेंटिमीटर) फरक पडण्यापूर्वीच बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टर धुवावा. पुरानंतर पाणी निवळू लागले की दिवसाआड गेज पाहण्याची सवय ठेवावी.

क्लोरीनची प्रक्रिया सकाळी करावी. दिवसभर उन्हात शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९ च्याही वर जाऊ शकतो, आणि अशा पाण्यात क्लोरीनचा प्रभाव फार कमी पडतो. दुपारी केलेली प्रक्रिया निष्फळ ठरल्याने मात्रा वाढवत नेणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. वेळ बदलल्यावर त्यांचे काम नेहमीच्या मात्रेत झाले. शेवटच्या ड्रिपरपाशी १ ते २ पीपीएम क्लोरीन उरले पाहिजे. क्लोरीन आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. खतासोबतही क्लोरीन सोडू नये. मोरचूद नदीत टाकणे तर पूर्णपणे टाळावे, त्याने मासे मरतात आणि फुटलेल्या शेवाळातील विष पाण्यात मोकळे होते.

डोहावर मोटार असल्यास फुटव्हॉल्व्ह तरंगत्या पिंपाला बांधून पृष्ठभागापासून साधारण दोन फूट खाली आणि तळाच्या गाळापासून वर राहील असा लटकवावा. पाणी उतरत जाईल तशी दोरीची लांबी आठवड्याला तपासावी, कारण एप्रिलमध्ये डोह उथळ झाला की हेच अंतर सर्वांत आधी बिघडते.