लम्पेक्टॉमी की मॅस्टेक्टॉमी

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. एकात फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा चांगला भाग काढतात, ती लम्पेक्टॉमी. दुसऱ्यात आख्खा स्तन काढतात, ती मॅस्टेक्टॉमी. काखेतल्या गाठींचं (म्हणजे लिम्फ नोडचं, कॅन्सर सहसा आधी तिथे पोचतो) काय करायचं हा प्रश्न दोन्हीकडे असतोच आणि तो वेगळा आहे, पण लोक सगळं एकत्र करून टाकतात आणि मग गोंधळ होतो.

बहुतेक ठिकाणी हा निर्णय होतो कसा, तर सर्जन विचारतात, मावशी, गाठ काढू का पूर्ण काढू, आणि मावशी तोंड उघडायच्या आत मुलगा नाहीतर दीर म्हणतो, सगळंच काढून टाका सर, परत भानगड नको. या 'परत भानगड नको'मध्ये असं धरलेलं असतं की जास्त कापलं म्हणजे जास्त जगणार. सुरुवातीच्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये हे खरं नाही, आणि ते खरं नाही हे सिद्ध करायला डॉक्टरांनाच जवळजवळ शंभर वर्षं लागली, तर घरच्यांना काय बोलणार.

१८९४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी रॅडिकल मॅस्टेक्टॉमी छापून मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. कॅन्सर एका जागेवरून शेजारी शेजारी पसरत जातो, म्हणून मुळासकट खणून काढा, असा हिशोब. बायकांच्या फासळ्या कातडीखाली दिसायच्या, हात सुजायचा, खांदा वर जायचा नाही, तरी पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हेच चाललं. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांचं म्हणणं वेगळं होतं, की जो कॅन्सर जीव घेतो तो रक्तातून आधीच लांब गेलेला असू शकतो, मग छाती कितीही खरवडून काढली तरी त्याला काय फरक पडणार.

ते नुसतं म्हणून थांबले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी बी-०६ नावाची ट्रायल सुरू केली, १८५१ बायका, गाठ ४ सेंटीमीटरपर्यंत, आणि कोणाला कुठलं ऑपरेशन हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं: पूर्ण स्तन, नुसती गाठ, किंवा गाठ काढून वर रेडिएशन. तिकडे इटलीत मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून २ सेंटीमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ बायकांवर तसंच काम केलं होतं. दोघांचे वीस वर्षांचे आकडे २००२ मध्ये आले आणि दोन्हीकडे उत्तर एकच, जगण्यात फरक नाही. फरक पडतो तो त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्यात. फिशर यांच्याकडे नुसती गाठ काढलेल्यांमध्ये ती वीस वर्षांत ३९.२ टक्के बायकांना परत आली, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये १४.३ टक्के. आता औषधं आणि तपासण्या सुधारल्यामुळे हे प्रमाण बरंच कमी आहे. मधे १९९४ मध्ये असं बाहेर आलं की मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने या ट्रायलमधल्या काही नोंदी खोट्या भरल्या होत्या, मोठा गदारोळ झाला, पण त्याचे पेशंट वगळून परत हिशोब केला तरी निष्कर्ष तोच राहिला.

म्हणजे लम्पेक्टॉमी म्हटलं की रेडिएशन आलंच, आपल्याकडे लोक 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात ते. हा सौदा नीट समजून घ्यायला हवा. पूर्वी पाच-सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागायचं, आता बहुतेकांचं तीन आठवड्यांत म्हणजे १५-१६ सिटिंगमध्ये होतं, आणि ब्रिटनमधल्या २०२० च्या एका अभ्यासानंतर निवडक पेशंटना एका आठवड्यात ५ सिटिंगही देतात. प्रत्यक्ष मशीनखाली काही मिनिटंच जातात हो, पण मशीन गावाजवळ नसेल तर त्या मिनिटांसाठी बिऱ्हाड हलवावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलला बाहेरगावाहून येणारे कितीतरी पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात ते याचसाठी. घरी म्हैस, लहान पोरं, रोजंदारी असलेली बाई 'पूर्णच काढा' म्हणते तेव्हा ते दरवेळी अज्ञान नसतं, कधीकधी तो साधा जमाखर्च असतो. पण तिला हेही आधी सांगायला हवं की मॅस्टेक्टॉमी केली तरी शेक चुकतीलच असं नाही. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत कॅन्सर सापडला, तर छातीवर रेडिएशन सहसा द्यावं लागतं. केमो लागणार की नाही हेही ऑपरेशन कुठलं यावर नाही, कॅन्सर कुठल्या जातीचा आणि किती पसरला यावर ठरतं. आणि स्तन काढल्यावर त्या जागी परत काही येतच नाही हेही खोटं, कातडीत किंवा व्रणाजवळ गाठ येऊ शकते.

लम्पेक्टॉमी सगळ्यांना चालत नाही. एकाच स्तनात वेगवेगळ्या कोपऱ्यांत गाठी, मॅमोग्राफीत सगळीकडे पसरलेले कॅल्शियमचे संशयास्पद ठिपके, छातीला आधी रेडिएशन झालेलं, किंवा आख्खा स्तन लाल होऊन सुजतो तो इन्फ्लमेटरी कॅन्सर, अशा वेळी सहसा मॅस्टेक्टॉमीच. गरोदरपणात रेडिएशन देता येत नाही, त्यामुळे तिथे महिना कितवा यावर गणित बदलतं. गाठ मोठी आणि स्तन लहान असेल तर आधी केमो देऊन गाठ आक्रसवतात आणि मग बघतात, पण त्याआधी गाठीत एक बारीक धातूची क्लिप बसवून ठेवावी लागते, कारण केमोने गाठ कधीकधी इतकी विरघळते की कुठे कापायचं तेच सर्जनला कळत नाही. उलट सत्तरीपुढच्या बाईची छोटी, हार्मोनवर वाढणारी गाठ असेल आणि ती बाई हार्मोन रोखणारी गोळी नियमित घेणार असेल, तर लम्पेक्टॉमीनंतरचं रेडिएशनही काही वेळा टाळता येतं. बीआरसीए जीनमध्ये दोष असेल तर आयुष्यात ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाते, तिथे दोन्ही स्तन काढायचा विचार समजण्यासारखा आहे, अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये केलं ते हेच. तसा दोष नसताना निव्वळ भीतीपोटी चांगला स्तनही काढल्याने आयुष्य वाढत नाही.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते थोडं जवळून. काढलेल्या तुकड्याला सर्जन दोरे बांधून देतात, साधारणपणे आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या बाजूला, म्हणजे पॅथॉलॉजीवाल्याला दिशा कळते. तो तुकड्याला बाहेरून शाई लावतो आणि मग काप करून मायक्रोस्कोपखाली बघतो. शाई लागलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी टेकलेल्या नसल्या की नेहमीच्या कॅन्सरसाठी मार्जिन क्लिअर, म्हणजे कड स्वच्छ. टेकलेल्या असल्या तर परत थिएटरमध्ये. ही दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता लम्पेक्टॉमीत धरूनच चालायचं, काही ठिकाणी फ्रोझन सेक्शन करून, म्हणजे तुकडा गोठवून, ऑपरेशन चालू असतानाच तपासतात. काखेतली पहिली गाठ, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पोचतो तो लिम्फ नोड, शोधायला निळा रंग टोचला असेल तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट वॉर्डात घाबरून रडते.

मॅस्टेक्टॉमीनंतर जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायला बसवलेली नळी आणि डबी घेऊन काही दिवस फिरावं लागतं. रोज ठरल्या वेळी त्यातलं पाणी मोजून कागदावर लिहायचं, २४ तासांत २०-३० मिलीच्या खाली आलं की सहसा नळी काढतात. बायका ती डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवतात आणि वरून ओढणी. स्तन परत तयार करता येतो, पोटाच्या किंवा पाठीच्या मांसातून किंवा सिलिकॉन बसवून, त्याच वेळी किंवा नंतर. ते नको असेल तर ब्रामध्ये घालायचं सिलिकॉनचं किंवा साधं कापसाचं पॅडही चालतं. लम्पेक्टॉमीतही स्तन होता तसाच राहील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये, खळगा पडतो, शेकाने कातडी काळवंडते, स्तन थोडा घट्ट आणि लहान होतो. हाताची सूज मात्र स्तनापेक्षा काखेत किती काढलं आणि तिथे शेक दिले का, यावर जास्त अवलंबून असते.

घाई कितपत, तर गाठ एका रात्रीत पसरत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला आठ-दहा दिवस गेले तर सहसा काही बिघडत नाही, फक्त फाईल, मॅमोग्राफीच्या फिल्म आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) सोबत न्यायचे, नुसता रिपोर्टचा मोबाईलवरचा फोटो पुरत नाही.