शेवटचा नग दाखवा

हाताशी एखादा वॉशर असेल तर त्याच्या कडेवरून अंगठा अलगद फिरवून बघा. एका बाजूला कड गोलसर, गुळगुळीत लागेल. वॉशर उलटा करा, की नखाला काहीतरी अडकेल: एक बारीक, टोचरी धार. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. आता मधल्या भोकाची कडही अशीच चाचपा. बाहेरच्या घेराचा बर एका बाजूला आणि भोकाचा दुसऱ्या बाजूला असेल, तर वॉशर दोन टप्प्यांत झाला आहे, आधी भोक आणि मग घेर. दोन्ही बर एकाच बाजूला असतील, तर दोन्ही कामं एकाच ठोक्यात उरकली आहेत. (बर नंतर घासून काढला असेल तर मात्र हा पुरावा गेला.) एवढीशी चकती आपली जन्मकथा अशी कडेवर लिहून ठेवते.

प्रेसमध्ये पत्र्यापासून दाबून काढलेले भाग हजारोंच्या किंवा लाखोंच्या संख्येत घ्यायचे असतील, तर ते कोणाकडून करून घ्यायचे हा प्रश्न येतो. त्यावर लोक साधारणपणे प्रेस किती, सर्वांत मोठी किती टनांची आणि नगाला दर काय, एवढं विचारतात. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण कारखान्याची खरी ओळख पटवायची तर मी आधी कड बघेन, आणि तीही कौतुकाने पुढे केलेल्या नमुन्याची बघणार नाही. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, मशीनवरून उतरवण्याआधी जो अगदी शेवटचा नग निघाला, तो मागेन.

असं का, हे समजायला पत्रा कापताना काय होतं ते बघावं लागेल. खरं तर प्रेसमध्ये पत्रा पूर्ण कापला जातच नाही. थोडा कापला जातो आणि उरलेला तुटतो. वरून पंच येतो, खाली डायमध्ये त्याच आकाराचं भोक असतं. पंच टेकला की पत्रा आधी किंचित वाकतो, त्यातून कडेला गोलाई येते. मग पंच आत घुसतो आणि धातू घासत सरकतो; तिथे चकचकीत पट्टा उमटतो. मऊ पोलादात हा पट्टा जाडीच्या साधारण एक तृतीयांश असतो. तेवढ्यात वरच्या आणि खालच्या धारेपाशी भेगा सुरू होतात, एकमेकींकडे धावतात, आणि उरलेली जाडी एका झटक्यात तुटते. तो भाग खरखरीत आणि मळकट दिसतो. भेग संपते तिथे बर उरतो. भिंगाखाली हे चारही थर एखाद्या खडकाच्या कातळकड्यासारखे एकाखाली एक दिसतात.

दोन भेगा मधोमध नीट भेटाव्यात यासाठी पंच आणि डाय यांच्यात नेमकी फट ठेवावी लागते. तिला क्लिअरन्स म्हणतात. साध्या पोलादाला ती प्रत्येक बाजूला जाडीच्या ५ ते १० टक्के असते, म्हणजे १ मिलिमीटर पत्र्याला ५० ते १०० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण याच जाडीचा असतो. फट कमी पडली तर भेगा एकमेकींना चुकवतात, मधला धातू दुसऱ्यांदा कापला जातो आणि कडेवर एकाऐवजी दोन चकचकीत पट्टे दिसतात. फट जास्त झाली तर पत्रा फटीत ओढला जातो, गोलाई वाढते आणि बरही वाढतो. घेराच्या एकाच बाजूला बर मोठा असेल, तर पंच डायच्या मधोमध उतरत नाही. आणि सगळीकडून सारखाच वाढलेला असेल, तर बहुधा धार बोथट झाली आहे.

धार बोथट होणारच. पंच आणि डाय बहुतेक वेळा डी-२ सारख्या टूल स्टीलचे असतात, ज्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. त्याला पाणी देऊन कडकपणा रॉकवेल सी मापनावर ६० च्या आसपास नेतात. इतका कडक धातूसुद्धा प्रत्येक ठोक्याला अणुरेणूंइतका झिजतो, आणि ठोके लाखांत असतात. मग डाय सोडवायचा, वरून काही दशांश मिलिमीटर घासून धार ताजी करायची आणि पुन्हा चढवायचा. प्रश्न एवढाच की हे कधी करायचं. चांगल्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथे डाय सांभाळतात त्या विभागात, प्रत्येक डायचं खातं असतं: किती ठोके झाले, मागची धार कधी लावली, किती घासलं, अजून किती घासता येईल. जिथे खातं नसतं तिथे धार लावण्याची वेळ ग्राहक ठरवतो, तक्रार करून.

म्हणून शेवटचा नग. पहिला नग ताज्या धारेतून, अनुभवी कारागिराच्या नजरेखाली निघालेला असतो. तो वाईट निघाला तर नवलच. काम संपताना निघालेल्या नगावर मधल्या सगळ्या ठोक्यांची झीज उमटलेली असते. शिस्तीच्या कारखान्यात तो डायसोबतच ठेवतात आणि पुढच्या वेळी डाय चढवण्याआधी बघतात. मग दुरुस्ती रॅकवर असतानाच होते, मशीनवर चढल्यावर नाही.

बर नेमका किती चालेल, हे भाग कशासाठी आहे त्यावर ठरतं. अनेक ड्रॉइंगवर जाडीच्या दहाव्या भागापर्यंत सूट असते. साध्या ब्रॅकेटला ती पुष्कळ झाली. पण विजेच्या मोटारच्या गाभ्यासाठी ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटरच्या शेकडो पातळ चकत्या एकावर एक रचतात. प्रत्येक चकतीवर विजेला अडवणारा लेप असतो, कारण चकत्या एकमेकींपासून अलग राहिल्या तरच धातूत घुमणारे भोवरी प्रवाह लहान राहतात. बर तो लेप फोडून शेजारच्या चकतीला टेकला की वीज वाट काढते, गाभा तापतो आणि मोटारची कार्यक्षमता घसरते. डोळ्यांना न दिसणारा बर इथे विजेच्या बिलात दिसतो.

आता टनांबद्दल. एखाद्या भागाला किती टनांची प्रेस लागेल, याचा अंदाज शाळेतल्या गणिताने निघतो: कापायच्या रेषेची लांबी गुणिले जाडी गुणिले धातूची कातरताकद. ५० मिलिमीटर व्यासाची चकती, २ मिलिमीटर जाडीचं साधं पोलाद. घेर १५७ मिलिमीटर, कातरताकद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५० न्यूटन. गुणाकार १ लाख १० हजार न्यूटनच्या जवळ जातो, म्हणजे ११ टनांच्या थोडं वर. स्टेनलेस स्टील घेतलं तर साधारण दीडपट. त्यावर सुरक्षिततेची भर घालायची. इतकं सोपं गणित ग्राहकाने स्वतः करून जावं. समोरच्याने ते न करताच 'होऊन जाईल' म्हटलं, तर निदान आपल्याला कळतं.

पण प्रेसवर लिहिलेले टन हे अर्धसत्य आहे. क्रँकच्या, म्हणजे फिरत्या आसाच्या जोरावर वर-खाली होणाऱ्या, प्रेसला पूर्ण जोर फक्त तळाच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये मिळतो. त्याच्या बऱ्याच वर ती निम्म्या जोराचीही नसते. चकती कापायला हे चालतं, कारण कापणं तळाशीच होतं. खोल वाटी ओढायची असेल तर जोर उंचावरूनच लागतो, आणि तिथे १०० टनांची प्रेस अडखळू शकते. अशा कामाला तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक प्रेस बरी. दुसरी गोष्ट आवाजाची. पत्रा तुटण्याच्या क्षणी ताणलेली प्रेसची चौकट एकदम मोकळी होते, सुटलेल्या धनुष्यासारखी. तो 'धाड' आवाज म्हणजे उलटा धक्का आहे आणि तो डाय, बेअरिंगं आणि चौकट सगळ्यांनाच खातो. कारखान्यात जमीन हादरत असेल तर तिथलं सामर्थ्य पाहून दिपून जाऊ नये. पंचांची उंची थोडी कमी-जास्त ठेवली तर ठोका वाटला जातो आणि धक्काही कमी बसतो. हे कोणी केलंय का ते विचारावं.

वाकवण्याच्या कामात वेगळाच खोडसाळपणा असतो. पत्रा ९० अंशांत वाकवून सोडला की तो थोडा उलगडतो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात. किती उलगडेल, हे धातूची ताकद आणि त्याचा ताठपणा यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतं. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, सुमारे २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. त्यामुळे तितक्याच ताकदीचं ॲल्युमिनियम जवळजवळ तिप्पट उलगडतं. जास्त ताकदीचं पोलादही असंच हट्टी. डाय करणारा हे धरून पत्रा मुद्दाम जास्त वाकवतो. पण एका कॉइलमधला (पत्र्याच्या गुंडाळीतला) पत्रा दुसऱ्या कॉइलपेक्षा थोडा कडक निघाला, तर तोच डाय वेगळा कोन देतो. 'कॉइल बदलली की तुम्ही काय करता?' हा माझ्या मते दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तरात मोजमाप, थांबणं, जुळवणं असे शब्द यायला हवेत.

पत्र्याला लाकडासारखा धागाही असतो. लाटताना धातूचे कण आणि त्यातल्या अशुद्धी लांबट होतात. वाकाची रेषा या धाग्याला समांतर आली तर बाहेरच्या अंगाला तडे जाण्याची भीती असते, आडवी आली तर कमी. पत्र्याच्या पट्टीवर भाग एकमेकांना खेटून बसवले की भंगार कमी निघतं आणि दर खाली येतो. पण त्या नादात धाग्याची दिशा चुकली, तर तडे वाचवलेला पैसा परत घेऊन जातात. म्हणून पट्टीवरची मांडणी कागदावर मागवा. सोबत पत्र्याचा दाखलाही मागा. ईएन १०२०४ मानकातला ३.१ प्रकारचा दाखला त्याच मालाच्या चाचणीचे आकडे देतो. नुसतं 'मानकाप्रमाणे आहे' असं लिहिलेला कागद काहीच सांगत नाही.

खोल ओढकामात तर विज्ञान फारच रंगतं. सपाट चकतीतून पेला करायचा, तर चकतीचा व्यास पंचाच्या दुपटीच्या आसपासच ठेवता येतो. त्यापुढे गेलं की तळ फाटतो आणि काम दोन टप्प्यांत करावं लागतं. पेल्याचा काठ लाटांसारखा वर-खाली येतो, कारण पत्रा सगळ्या दिशांना सारखा ताणला जात नाही. तो काठ नंतर छाटावा लागतो आणि तेवढं भंगार धरावंच लागतं. पत्रा कुठे फाटायला आला आहे हे ओळखण्याची एक देखणी युक्ती आहे. त्यावर बारीक वर्तुळांची जाळी छापायची आणि मग दाबायचं. वर्तुळांची लंबवर्तुळं होतात, आणि त्यांच्या लांबी-रुंदीवरून कुठे किती ताण पडला ते वाचता येतं. १९६० च्या दशकात स्टुअर्ट कीलर आणि गॉर्टन गुडविन यांच्या कामातून यासाठी ताणमर्यादेचा आलेख तयार झाला. आज हेच गणित संगणक डाय बनण्याआधीच करून देतो. ओढकामाचा भाग असेल आणि कारखान्याने यातलं काहीच केलं नसेल, तर डायवरचे प्रयोग आपल्या वेळेत आणि आपल्याच पैशाने होणार.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. आयएसओ ९००१ असणं म्हणजे कामाची काही रीत लिहून ठेवली आहे. वाहनउद्योगासाठीचं आयएटीएफ १६९४९ त्याहून कडक. दोन्ही दारापर्यंत नेतात, आत काय चाललंय ते आपणच बघायचं. आकड्यांत सीपीके विचारा. मापं मर्यादेच्या किती आत राहतात, हे तो सांगतो. सरासरी मधोमध असेल आणि मापं नेहमीच्या घंटाकृती आलेखात बसत असतील, तर सीपीके १ असताना दहा लाखांत सुमारे २७०० नग मर्यादेबाहेर जातात, १.३३ असताना सुमारे ६३. पण इथे एक चलाखी चालते. पहिले सलग ३० नग मोजून काढलेला सीपीके सुंदरच येतो, कारण तेवढ्यात झीज होतच नाही. प्रेसकामात माप उड्या मारत नाही, एका दिशेला हळूहळू सरकतं. एकदा धार लावल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच्या पूर्ण काळातली मापं मागा.

कडक स्प्रिंगसारख्या भागांवर जस्ताचा मुलामा द्यायचा असेल तर आणखी एक प्रश्न. मुलाम्याच्या द्रवात सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि भाग काही तासांनी किंवा दिवसांनी, हात न लावताही, तडकतो. मुलाम्यानंतर लगेच भाग २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजले तर हायड्रोजन बाहेर पडतो. मुलामा बाहेरून करून घेत असतील, तर ही भट्टी कोण पेटवतो आणि नोंद कुठे राहते ते विचारून ठेवा.

नग मोजके असतील तर हे सगळं सोडाच. लेझरने कापून, वाकवून घ्या. डायचा खर्च प्रत्येक नगावर वाटला जातो, आणि वाटेकरी कमी असले की वाटा जड होतो. संख्या मोठी असेल तेव्हा प्रोग्रेसिव्ह डाय लावतात. त्यात पट्टी प्रत्येक ठोक्याला एक घर पुढे सरकते, एका घरात भोक, पुढच्यात वाक, शेवटच्या घरात पूर्ण नग सुटतो. असा डाय करायचा तर तो कोणाच्या मालकीचा, त्याची ड्रॉइंगं कोणाकडे, आणि उद्या संबंध तुटले तर तो उचलून नेता येईल का, हे पहिल्या पैशाआधी लिहून घ्यावं.

आणि या डायचा शेवटचा नग एकटा नसतो. मशीन थांबल्यावर आत राहिलेली अख्खी पट्टी बाहेर काढतात, तीवर कोऱ्या पत्र्यापासून पूर्ण भागापर्यंत प्रत्येक घराचं काम ओळीने दिसतं. ती डायला तारेने बांधून रॅकवर ठेवतात. कारखान्यात गेलात तर एखाद्या चालू डायची अशी पट्टी बघायला मागा, खिशात भिंग असू द्या. मागितल्याबरोबर समोरचा रॅककडे चालू लागला तर पुढचं बोलणं करा. 'शोधून कळवतो' म्हणाला, तर दरपत्रक तूर्त मिटून ठेवलेलं बरं.