सिमेंटचे पहिले चोवीस तास

आज संध्याकाळी कॉलम भरला की उद्या मिस्त्री त्याच्या फळ्या काढायला घेतो. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकातही उभ्या शटरिंगसाठी १६ ते २४ तासच दिले आहेत. पण ते साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी. सिमेंट वेगळे असेल किंवा हवा थंड असेल तर मुदत बदलावी, असे मानकच सांगते. कमी कार्बनच्या सिमेंटवर आज जे संशोधन चालले आहे, त्याचा बराच भाग पहिल्या दिवसाच्या ताकदीच्या या एका अटीपाशी येऊन थांबतो.

क्लिंकर, म्हणजे चुनखडी आणि माती भाजून केलेले, दळल्यावर सिमेंट होणारे खडे, सुमारे १४५० अंशांवर भाजला जातो. त्यात जळणाचा धूर आलाच, पण उत्सर्जनाचा निम्म्याहून मोठा वाटा खुद्द चुनखडीतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. जळण बदलून तो टळत नाही. म्हणून क्लिंकर कमी करायचा आणि त्याच्या जागी राख, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा भाजलेली माती घालायची. अडचण अशी की पहिल्या दिवशी मुख्य काम करतो तो क्लिंकरच.

हे काम नेमके कसे होते, याचा शोध सिमेंटपेक्षा बराच उशिरा सुरू झाला. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले. ते घट्ट का होते, याचे पहिले नीट उत्तर हेन्री ल शातलिए यांनी १८८७ च्या प्रबंधात दिले. कण पाण्यात विरघळतात, द्रावण संपृक्त होते, नवे स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात, असे त्यांचे म्हणणे. १८९३ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म मिखाएलिस यांनी वेगळी बाजू मांडली : तयार होतो तो चिकट जेल, आणि ताकद त्याचीच. हा वाद कित्येक दशके चालला. माझ्या मते दोघांच्याही हाती सत्याचा एकेक तुकडा होता. विरघळणे खरेच आहे, आणि ताकद देणारा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे सिमेंट आणि पाण्यातून तयार होणारा पदार्थ, हा नीट स्फटिकही नव्हे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरण बांधताना प्रश्न उष्णतेचा झाला. एवढे काँक्रीट आतून तापले तर तडकणार. म्हणून कमी उष्णतेचे सिमेंट वापरले आणि काँक्रीटमध्ये नळ्या घालून थंड पाणी खेळवले. सिमेंटची उष्णता काटेकोर मोजायची गरज अशा कामांतून वाढली, आणि आज तीच उष्णता सुरुवातीच्या हायड्रेशनचा, म्हणजे सिमेंटच्या पाण्याशी होणाऱ्या क्रियेचा, सर्वांत बोलका पुरावा ठरते.

छोट्या बाटलीत काही ग्रॅम सिमेंट पाण्यात कालवून कॅलरीमीटर या उष्णता मोजणाऱ्या यंत्रात ठेवले की पडद्यावर उष्णता किती वेगाने सुटते त्याची रेघ उमटू लागते. पहिल्या काही मिनिटांत उंच टोक, मग तास-दोन तास जवळजवळ सपाट, नंतर चढ आणि आठ-दहा तासांच्या सुमारास मोठा उंचवटा. त्या सपाट काळामुळेच माल वाहून नेता येतो, ओतता येतो. तो का येतो? कणांवर संरक्षक पापुद्रा बसतो, असे बराच काळ मानले जाई. २०१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधक कॅरेन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भोवतीचे पाणी जसजसे संपृक्ततेकडे जाते, तसतसे विरघळणेच मंदावते. पापुद्रा मानायची गरज पडत नाही.

याच गटाने क्यूबातील फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्या आयआयटी दिल्ली व मद्रासमधील संशोधकांबरोबर एलसी-थ्री हे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचे सिमेंट पुढे आणले : साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवरच भाजते आणि तिच्यातून कार्बन सुटत नाही. मातीतले अ‍ॅल्युमिना आणि चुनखडी मिळून कार्बोअ‍ॅल्युमिनेट ही नवी संयुगे तयार होतात, त्यामुळे चुनखडी नुसती भर म्हणून राहत नाही.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. घाण्यात मळलेल्या चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालणारे गवंडी भाजलेल्या मातीचेच गुण वापरत होते. त्यांना उद्या सकाळी फळ्या काढायच्या नव्हत्या, एवढाच फरक. पण तो मोठा आहे.

नव्या मिश्रणात सपाट काळानंतरचा तोल जिप्समवर टिकतो. क्लिंकरमधल्या झटपट क्रिया करणाऱ्या अ‍ॅल्युमिनेटला थोपवून धरणारे ते. मातीचे आणि चुनखडीचे बारीक कण जास्तीचा पृष्ठभाग देतात, त्यावर हायड्रेट भराभर वाढतो, जिप्सममधले सल्फेट शोषून घेतो आणि जिप्सम लवकर संपते. मुख्य उंचवट्याआधीच ते संपले तर ताकद देणाऱ्या सिलिकेटची क्रिया मंदावते आणि पहिल्या दिवसाची ताकद घसरते. म्हणून जिप्समची मात्रा नव्याने ठरवावी लागते. जुन्या सिमेंटचा आकडा उचलून चालत नाही.

भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी आयएस १८१८९ काढले. केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या खनिजाचे प्रमाण चांगले असलेल्या मातीचे एलसी-थ्री सातव्या दिवसापर्यंत साध्या सिमेंटची बरोबरी करते. पहिल्या दिवशी मात्र अजून मागे राहते, आणि दळण किती बारीक ठेवायचे, कोणते रसायन घातले तर रेघेतला तो चढ अलीकडे सरकेल, याच्या चाचण्या प्रयोगशाळांत चालू आहेत.