फेरीबोटीवरची टक्कर, काठावरून पाहिलेली

कॅरमच्या बोर्डावर एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर अगदी समोरासमोर आदळली, तर पहिली जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. दोघी मिळून निम्म्या-निम्म्या वेगाने पुढे का जात नाहीत? शाळेत याचं उत्तर 'संवेगाची अक्षय्यता' असं मिळतं. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि टकरीआधी तो एकूण जेवढा असतो तेवढाच टकरीनंतरही असतो. हे खरं आहे, पण अपुरं आहे. दोघी निम्म्या-निम्म्या वेगाने गेल्या असत्या, तरीही एकूण संवेग तेवढाच भरला असता!

मला सगळ्यांत पटलेलं उत्तर साडेतीनशे वर्षांहून जुनं आहे आणि ते समजायला होडी लागते. १६५० च्या दशकात ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने कालव्यातून संथ जाणारी एक होडी कल्पिली. होडीतल्या माणसाच्या हातात दोऱ्यांना टांगलेले दोन गोळे, आणि काठावर उभा राहून त्यांची टक्कर पाहणारा दुसरा माणूस. हॉलंडचा कालवा आपल्याला कशाला हवा? पणजीहून बेतीला जाणारी फेरीबोट आहेच.

समजा मांडवी नदी शांत आहे आणि फेरी सेकंदाला २ मीटर वेगाने सरळ चालली आहे. डेकवर सारख्या वजनाचे दोन पोलादी गोळे समोरासमोर घरंगळत येताहेत, एक बेतीच्या दिशेने, दुसरा पणजीच्या दिशेने, दोघांचा वेग सेकंदाला २ मीटर. टक्कर होते, आणि दोघे त्याच वेगाने मागे फिरतात. हे पटायला गणित नको. दोघे सर्व बाबतींत सारखे असताना एकाने वरचढ ठरायला कारणच नाही.

आता पणजीच्या धक्क्यावर उभे राहा. तिथून पाहताना फेरीचा वेगही मिळवावा लागतो. बेतीकडे जाणारा गोळा ४ मीटर वेगाने जाताना दिसतो आणि पणजीकडे येणारा चक्क स्थिर. टकरीनंतर पहिला स्थिर, दुसरा ४ मीटर वेगाने बेतीकडे. म्हणजे कॅरमच्या सोंगट्यांचंच कोडं, आणि ते सुटलं फक्त उभं राहण्याची जागा बदलून!

यात हायगेन्सने गृहीत धरलेली मोठी गोष्ट एकच: फेरीवर निसर्गाचे जे नियम, तेच काठावर. फेरीने रोज जाणाऱ्याला हे अंगवळणी पडलेलं असतं. नदीच्या मध्यावर हातातून किल्ली निसटली तरी ती पायाशीच पडते.

त्याच्याआधी रने देकार्त या फार मोठ्या विचारवंताने १६४४ मध्ये टकरींचे नियम मांडले होते. त्यातला एक असा की, स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला लहान वस्तू कितीही वेगाने आदळली तरी हलवू शकत नाही. घोळ होता दिशेचा. देकार्तच्या हिशेबात वेग होता, पण तो कुठल्या बाजूला, हे नव्हतं. ५ ग्रॅमची सोंगटी सेकंदाला २ मीटर वेगाने १५ ग्रॅमच्या स्थिर स्ट्रायकरवर समोरासमोर आदळली, असं धरा. आदर्श टकरीत, म्हणजे जिच्यात ऊर्जा वाया जात नाही अशा टकरीत, सोंगटी १ मीटर वेगाने मागे फिरते आणि स्ट्रायकर १ मीटर वेगाने पुढे सरकतो. आधीचा संवेग १०. नंतर स्ट्रायकरचे १५, सोंगटीचे उलट दिशेचे म्हणून उणे ५, बेरीज पुन्हा १०. दिशा विसरलात तर २० येतात, आणि संवेग कुठूनतरी दुप्पट झाल्यासारखा वाटतो. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि हायगेन्स यांच्यापुढे ठेवला, आणि दिशेसकट हिशेब तिथून रूढ झाला.

पण खरी गंमत चिकटणाऱ्या वस्तूंची आहे. पोलादी गोळ्यांऐवजी खाजनातल्या चिखलाचे एकेक किलोचे दोन गोळे घ्या. फेरीवर दोघे २ मीटर वेगाने समोरासमोर येऊन थपकन चिकटतात आणि थांबतात. गतिज ऊर्जा म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा: निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ती एकूण ४ ज्यूल होती, शून्य झाली. ती चिखल दबण्यात आणि किंचित तापण्यात गेली. काठावरून पाहिलं तर आधी एकाच गोळ्याला ४ मीटर वेग, ऊर्जा ८ ज्यूल. नंतर २ किलोचा लगदा फेरीबरोबर २ मीटर वेगाने चाललेला, ऊर्जा ४ ज्यूल. हरवलेली ऊर्जा दोन्हीकडून तेवढीच, ४ ज्यूल! तशी ती असायलाच हवी, कारण चिखल किती तापला हे पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरू शकत नाही. कागदावर मांडून पाहिलंत तर दिसेल की, हे दोन हिशेब जुळण्यासाठी एकूण संवेग कायम राहावाच लागतो. संवेगाच्या नियमाकडे मी म्हणूनच निव्वळ पाठ करायचं सूत्र म्हणून पाहू शकत नाही. फेरीवरच्या आणि काठावरच्या माणसांचं एकमत त्याच्यावर उभं आहे.

मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जेसना हाच नियम रोज पाळावा लागतो. भरलेली बार्ज २ हजार टनांची धरा, वेग सेकंदाला फक्त १ मीटर, म्हणजे आपल्या चालण्याहूनही कमी. तिची गतिज ऊर्जा ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या १ टनाच्या मोटारीच्या जेमतेम अडीच पट भरते, संवेग मात्र सत्तर पटींहून जास्त. ती १ सेकंदात थांबवायची तर सरासरी सुमारे २०० टन वजनाएवढं बल लागेल. २० सेकंद मिळाले तर १० टनांएवढं पुरतं. म्हणून इंजिन धक्क्याच्या बरंच अलीकडे उलटं फिरवतात. पंखा पाणी पुढे फेकतो आणि बार्जचा बहुतेक संवेग ते पाणी घेऊन जातं. उरलेला, बाजूला टांगलेले जुने टायर दबता दबता, धक्क्यामार्फत पृथ्वीला मिळतो.