झूम वेगळा, नकाशाप्रमाण वेगळं

ऑनलाइन नकाशावर झूम आणि प्रमाण सोबतच बदलतात, म्हणून वर्गात दोन्ही एकच समजली जातात. झूम ही नकाशा पुरवणाऱ्याने ठरवलेली पायरी आहे. प्रमाण म्हणजे नकाशावरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांचं गुणोत्तर.

संगणकावर गुगल मॅप्समध्ये पैठण उघडा आणि वरचा पत्ता वाचा. अक्षांश-रेखांशांनंतर 12z असं काही दिसेल. ती झूमची पायरी. (सॅटेलाइट दृश्यात z ऐवजी m येतो, म्हणून साधाच नकाशा ठेवा.) 12 वरून 13 वर गेलं की पडद्यावरची प्रत्येक लांबी दुप्पट होते, आता किती भाग दिसतो, हे मुलांना विचारा. उत्तर हमखास 'निम्मा' येतं. खरं तर चौथाईच उरतो, कारण दिसणाऱ्या भागाची रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या होतात.

आता प्रमाण. खाली उजव्या कोपऱ्यातली, अंतर दाखवणारी रेषा पट्टीने मोजायला लावा. समजा, 2 किमीची रेषा लॅपटॉपवर 1.6 सेमी भरली, तर प्रमाण 1:1,25,000. तीच रेषा प्रोजेक्टरने भिंतीवर 8 सेमी झाली, तर 1:25,000. झूम तोच, प्रमाण पाचपट मोठं! इथेच दुसरा गोंधळही सुटतो: छेद लहान, म्हणजे प्रमाण मोठं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या धरातलपत्रकावर (डोंगर, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या सविस्तर नकाशावर) छापलेलं 1:50,000 मात्र कागदावर पक्कं असतं. झेरॉक्स लहान-मोठी केली की तेही चुकतं, रेषाप्रमाण (अंतराची छापलेली रेषा) तेवढं टिकतं. पडद्यावर म्हणूनच 1:50,000 सारखं अंकप्रमाण लिहून देऊ नये.

सगळ्यात बोलका प्रयोग असा. लातूर 18.40,76.58 वर 10z ठेवा, रेषा मोजा. मग z ला हात न लावता आकडे बदलून ओस्लो, 59.91,10.75, उघडा. पडद्यावरच्या 1 सेमीत आता लातूरच्या जवळपास निम्मंच अंतर मावतं. हे नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या एका पद्धतीवर, आधारलेले आहेत. ध्रुवांकडे जाताना ते जमीन ताणत नेतात. प्रक्षेपणाचा धडा शिकवण्याआधी हे दाखवलं, तर ग्रीनलंड एवढं अवाढव्य का दिसतं, हे मुलं स्वतःच सांगतात.

मोबाइलवर रेषा झूम करतानाच दिसते आणि लपते. सेटिंग्जमध्ये ती 'नेहमी दाखवा' करून ठेवा. नेट नसलेल्या वर्गासाठी स्क्रीनशॉट घेताना रेषा कापली जाऊ देऊ नका. स्लाइडवर चित्र बाजूने ओढून रुंद केलं, तर रेषा फक्त पूर्व-पश्चिम अंतराला लागू राहते. संभाजीनगर ते पैठण हे दक्षिणोत्तर, सरळ रेषेतलं साधारण 45 किमी अंतर तिने मोजलं, तर कमी भरतं. म्हणून चित्र नेहमी कोपऱ्याला धरून ओढायचं.